तळं धुऊन निघत नाही

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "बरं झालं भाऊ, तळं धुऊन निघालं." घडतं नेमकं उलटं. धुऊन निघतात ते रस्ते, अंगणं आणि गटारी. उन्हाळाभर साचलेली धूळ, टायरचा कीस, ठिबकलेलं ऑइल, शेण, सगळं तळ्यात उतरतं. एक हेक्टर डांबर-काँक्रीटवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लाख लिटर पाणी. कोरड्या मातीने त्यातलं बरंच पिऊन टाकलं असतं.

मी एकदा नाल्याच्या तोंडाशी या पाण्याची बाटली भरली आणि घरी ओट्यावर ठेवली. रेती लगेच तळाशी बसली. गढूळपणा दुसऱ्या दिवशीही तसाच! स्थिर पाण्यात बारीक कण किती वेगाने खाली बसेल, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. 0.1 मिलिमीटरचा रेतीचा कण एक मीटर खाली जायला साधारण 2 मिनिटं घेतो. चिकणमातीचा 2 मायक्रॉनचा कण त्याच्या 50 पट बारीक, म्हणून 2500 पट संथ. त्याला तीन दिवसांहून जास्त लागतात. आपल्या काळ्या मातीत हेच कण ठासून भरलेले आहेत, आणि वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असल्याने खताचा, शेणाचा फॉस्फरस त्यांनाच चिकटून येतो. शेवाळाला वाढायला कार्बनच्या 106 अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू पुरतो, म्हणजे थोड्याशा फॉस्फरसवर भरपूर शेवाळ माजतं. कॅनडात 1973 साली एका तळ्यात मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस एकाच बाजूला. तीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली.

शेवाळ मरून कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे उलटे तरंगतात. त्याला देवीचा कोप म्हणू नका, आणि तळं साफ करणाऱ्या 'चमत्कारी' पावडरीवर पैसेही घालवू नका. फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे, पावडरीने ते नाहीसं होत नाही.

गाळ तळ्याबाहेरच अडवायला हवा. नाल्याच्या तोंडाशी पसरट, उथळ खड्डा करावा, म्हणजे पाणी रेंगाळतं आणि कणाला बुडायला अंतरही थोडंच उरतं. पुढे दाट गवताचा पट्टा. वस्तीतले शोषखड्डे मुरुमापर्यंत न्यावेत. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच तुंबतं. मृगाआधी गटारीतून काढलेला गाळ त्याच दिवशी उचलावा. काठावर ठेवलेला ढीग पहिल्याच सरीत परत आत जातो.