संशयकल्लोळ

संशयकल्लोळ : गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे संगीत विनोदी नाटक, आणि त्याच कथासूत्रावर पुढे झालेली रूपांतरे. २०१३ मध्ये याच नावाने आलेला, कथा आजच्या काळात आणणारा प्रणयविनोदी मराठी चित्रपट हे त्यांतले अलीकडचे रूप. ‘संशयकल्लोळ’ हा शब्द आता सामान्यनामासारखाही वापरला जातो. ज्यांनी नाटक पाहिलेले नाही, त्यांच्याही बोलण्यात तो येतो.

कथा परिचित आहे. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची तिचा प्रियकर अश्विनशेट याची तसबीर तिथेच पडते. ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि तसबीर न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. इथून चारही जणांची मने एकमेकांविषयी कलुषित होतात.

मूळ : हे कथासूत्र फ्रेंच नाटककार मोल्येर याच्या १६६० मधील ‘स्गानारेल’ या पद्य एकांकी प्रहसनाचे. आर्थर मर्फी याने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी इंग्रजी नाटक रचले आणि ते १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन रंगगृहात आले. देवलांनी यांपैकी नेमके काय हाताशी धरले, याविषयी लेखनात एकवाक्यता आढळत नाही. काही ठिकाणी नाटकाला सरळ ‘मोल्येरवरून’ म्हटलेले असते, तर काही ठिकाणी फक्त मर्फीचे नाव येते. अंतर्गत पुरावा मर्फीच्या बाजूने झुकतो. मोल्येरचे प्रहसन लहान आहे आणि त्याचा सगळा भर स्गानारेल या संशयी नवऱ्यावर आहे. मर्फीने सर जॉन रेस्टलेस आणि त्याची पत्नी या जोडप्याच्या बरोबरीने बेव्हर्ली हा संशयी प्रियकर उभा केला. देवलांचा अश्विनशेट संशयात पडतो पायरीपायरीने, प्रेम करता करता, आणि तो या बेव्हर्लीच्याच घडणीचा आहे. म्हणून मर्फी हा जवळचा आधार व मोल्येर हा दूरचा उगम मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कालनिश्चितीतही दोन टप्पे वेगळे ठेवावे लागतात. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य रूप साधारणपणे १८९३ च्या सुमाराचे मानतात. पदे घालून त्याचे संगीत नाटक झाले ते गंधर्व नाटक मंडळीसाठी. देवल १४ जून १९१६ रोजी निवर्तले. संगीत रूपाचा पहिला प्रयोग त्यानंतर, त्याच वर्षी झाला असे दिसते. त्यामुळे ‘संशयकल्लोळ, १९१६’ अशी नुसती नोंद केली की हे देवलांचे अखेरचे लेखन वाटते, आणि तसे समजणे बरोबर नाही. ते त्यांच्या उमेदीच्या काळातल्या गद्य नाटकाचे दुसरे रूप आहे. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव या भूमिका नामांकित झाल्या. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ आणि ‘कर हा करी धरिला शुभांगी’ ही पदे नाटकाबाहेर मैफलीतही रुजली.

देवलांची भर : पात्रांची नावे महिने आणि नक्षत्रे यांवरून घेतली आहेत. पुरुषांकडे फाल्गुन, अश्विन, वैशाख, भाद्रपद (नोकर ‘भादव्या’), तर स्त्रियांकडे कृत्तिका, रेवती. पण याहून मोठा बदल रेवतीच्या स्थानाचा. मोल्येर आणि मर्फी या दोघांच्याही नायिका बापाच्या घरातल्या, खानदानी मुली आहेत आणि त्यांच्या लग्नाचा अडसर वडिलांची इच्छा हा आहे. देवलांची रेवती नायकिणीची, म्हणजे कलावंतिणीची, मुलगी आहे. अश्विनशेटला तिच्याशी लग्न करायचे आहे, आणि त्याचा संशय नुसत्या मत्सरातून येत नाही. अशा घरातली मुलगी एकनिष्ठ राहील का, हा तत्कालीन समाजाचाच प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडतो. फाल्गुनरावाचा संशय हसू आणतो. अश्विनशेटचा संशय रेवतीचा अपमान करतो. देवलांनी ही दोन वजने एकाच नाटकात पेलली, ही त्यांची खरी कामगिरी. ‘शारदा’ (१८९९) मध्ये जरठविवाहावर लिहिणारा नाटककार इथेही ओळखू येतो.

तसबीर : मत्सराच्या नाटकाला हातातून हातात जाणारी एखादी वस्तू लागते. देवलांना हे तंत्र आधीपासून ठाऊक होते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी ‘झुंझारराव’ केले होते, आणि मूळ नाटकात हेच काम हातरुमाल करतो. रुमालाने शोकांतिका घडते, तसबिरीने विनोद. फरक वस्तूत नाही. रुमालामागे इयागो हा कपटी माणूस आहे, तसबिरीमागे कोणीच नाही. ती नुसती पडते आणि सापडते.

आधुनिक रूप देणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. तसबीर एकच असते. एकाने हरवली की ती दुसऱ्याकडे असते, आणि जिच्या हाती असेल तिचे तसबिरीतल्या माणसाशी नाते आहे असे पाहणाऱ्याला वाटते. मोबाइलमधला फोटो हरवत नाही, त्याच्या प्रती होतात. तो कोणी आणि केव्हा पाठवला हेही शेजारीच लिहिलेले असते. शिवाय एक फोन केला तर गैरसमज दोन मिनिटांत मिटेल. म्हणून आजच्या कथेत फोटो अर्धवट दिसावा लागतो, फोनला कुलूप असावे लागते, आणि मुख्य म्हणजे विचारायची सोय असूनही माणसाने न विचारण्याला कारण द्यावे लागते. हे कारण स्वभावात सापडले तर चित्रपट उभा राहतो. योगायोगांवर भिस्त ठेवली तर नाटकात खपणारी गोष्ट पडद्यावर उघडी पडते. रंगमंचावर एक दार आणि एक खिडकी प्रेक्षक मान्य करतो, कॅमेरा मात्र भोवतालचा सगळा रस्ता दाखवतो. जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माडीवरून खाली रस्त्यात काय चालले आहे ते दिसे. आजच्या नाशकातल्या गंगापूर रोडवरच्या सातव्या मजल्यावरून माणूस ओळखूही येत नाही.

रेवतीचे जन्मस्थान हा दुसरा प्रश्न. ते काढून टाकले की कथा हलकी होते, पण अश्विनशेटच्या संशयाला मुळी आधारच राहत नाही. तो फाल्गुनरावाची तरुण प्रतिकृती होतो. प्रणयविनोदी चित्रपटाचा साचा बहुधा हाच सोपा मार्ग सुचवतो. या नोंदीच्या लेखकाला त्यात मोठे नुकसान वाटते, कारण आजही मुलीचे घर, व्यवसाय, मागचे नाते यांवरून तिच्याविषयी शंका घेतली जाते. देवलांनी दाखवलेली जागा अजून रिकामी झालेली नाही.

नाशिकशी संबंध : देवलांच्या नाटकाचे नाव नाशिकच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने आले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता. तेथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे विजयानंदमध्ये चित्रपट दाखवले जाऊ लागले. नाटकाची जागा पडद्याने घेण्याची प्रक्रिया शहराने अशी एकाच इमारतीत पाहिली. दादासाहेब फाळके यांनीही १९१८ मध्ये आपली हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशकातच काढली होती, ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात आल्यानंतर दोनच वर्षांनी.

नाशिककर वि. वा. शिरवाडकर यांनी ‘ऑथेल्लो’ पुन्हा मराठीत आणले, त्यामुळे देवलांच्या ‘झुंझारराव’शी ताडून पाहायला एक दुसरे रूप मिळाले. नाशिकच्या हंप्राठा (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालयात शिकवणारे वसंत कानेटकर यांनी प्रणयविनोदाची निराळी वाट धरली. ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ (१९६१) मध्ये घरातल्या दोन पिढ्या प्रेमाविषयी आपापली मते घेऊन समोरासमोर येतात. तिथे गैरसमज घडवायला तसबीर लागत नाही.