बारोलो मुरते तेव्हा

वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराच्या नैर्ऋत्येकडील लांगे टेकड्यांवर नेब्बिओलो जातीची द्राक्षे पिकतात आणि केवळ त्यांच्यापासूनच बारोलो ही रेड वाइन तयार होते. तिचा रंग इतका फिका आणि पारदर्शक असतो की नवख्याला ती सौम्य वाटावी. प्रत्यक्षात कोवळ्या बारोलोचा पहिला घोट कच्च्या केळ्यासारखे तोंड आवळून टाकतो.

या विसंगतीचे मूळ द्राक्षातच आहे. रेड वाइनचा रंग सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो, तर तुरटपणा साल आणि बिया यांतील टॅनिनमुळे. नेब्बिओलोत टॅनिन विपुल असते, पण रंगद्रव्ये तुलनेने कमी असतात, आणि जी असतात त्यांतील बरीचशी ऑक्सिजनपुढे लवकर नमते घेणारी असतात. त्यात आम्लताही तीव्र. म्हणूनच कायद्याने बारोलोला सुगीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावे लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझर्वा’ या अधिक काळ मुरवलेल्या प्रकारासाठी ही मुदत ६२ महिन्यांची आहे.

तुरटपणा ही खरे तर चव नसून स्पर्शाची जाणीव आहे. टॅनिनचे रेणू लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. मुरताना टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात व तळाशी बसतात, म्हणून वाइन मऊ होते, असे सांगण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे आहे. वाइनमधील आम्लामुळे टॅनिनच्या साखळ्या तुटतही असतात, त्यांचे तुकडे नव्याने जुळतात, आणि या उलथापालथीतून बनलेले रेणू प्रथिनांना पूर्वीइतके घट्ट धरत नाहीत. लाकडातून झिरपणाऱ्या अल्पशा ऑक्सिजनमुळे अल्कोहोलपासून थोडे अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते. ते टॅनिन आणि रंगद्रव्ये यांच्यात दुव्याचे काम करते आणि रंगद्रव्यांचे रूपही बदलते. या बदलांतून निर्माण होणारी काही द्रव्ये नारिंगी छटेची व टिकाऊ असल्याने जुन्या बारोलोच्या कडेला विटेचा रंग दिसतो.

गंधाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ताज्या फळाचा वास देणारी अनेक एस्टर संयुगे काळाच्या ओघात विघटित होतात. उलट, द्राक्षातून शर्करेशी बांधलेल्या स्वरूपात आलेले काही सुगंधी रेणू आम्लामुळे सावकाश मोकळे होतात. बाटलीत वर्षानुवर्षे वाढत जाणारे डायमिथाइल सल्फाइड अत्यल्प प्रमाणात असले, तर जुन्या रेड वाइनला ट्रफल या सुगंधी बुरशीची आणि ओल्या पालापाचोळ्याची आठवण करून देणारा गंध येतो. आल्बाची ख्याती पांढऱ्या ट्रफलसाठी असावी आणि त्या बुरशीच्या गंधाचा कणाही गंधकाची संयुगेच असावीत, हा योगायोग मला मोठा रम्य वाटतो. सुकलेला गुलाब, डांबर, ज्येष्ठमध आणि चामडे ही जाणकारांची नेहमीची वर्णने याच टप्प्यावर खरी वाटू लागतात.

पिंप कोणते वापरावे यावरून गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे कडाक्याचा वाद झाला. नव्या पिढीतील काहींनी २२५ लिटरची फ्रेंच ओकची पिंपे आणली, तर परंपरावादी हजारो लिटरच्या स्लावोनियन (क्रोएशियातील स्लावोनिया भागातील) ओकच्या पिंपांवर ठाम राहिले. भूमितीने पाहिले, तर लहान पिंपात दर लिटर वाइनला लाकडाचा अधिक पृष्ठभाग लाभतो, त्यामुळे ऑक्सिजन आणि, लाकूड नवे असेल तर, व्हॅनिलासारखा वासही अधिक उतरतो. नेब्बिओलोचा नाजूक गंध त्याखाली दबतो, हे परंपरावाद्यांचे म्हणणे मला पटते.

सर्वच बाटल्या वर्षे गेल्याने सुधारत नाहीत. साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसला या अभिक्रिया संथपणे चालतात. उन्हाळ्यात तापणाऱ्या घरातील माळ्यावर त्या नुसत्या वेगवान होत नाहीत, तर वेगवेगळ्या प्रमाणात वेगवान होतात, आणि वाइनचा तोलच बिघडतो. नीट मुरलेली बाटली उघडण्यापूर्वी दिवसभर उभी ठेवली, म्हणजे साका तळाशी बसतो. कोवळी बारोलो काही तास हवेत राहिल्याने खुलते. फार जुनीत मात्र ऑक्सिजनला रोखणारी द्रव्ये बरीच खर्ची पडलेली असल्याने, ती ओतल्यावर लवकर पिणेच योग्य.