रखडलेले बांधकाम प्रकल्प मार्गी लावताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्यांचे बांधकाम मुदत उलटून गेली तरी संपण्याची चिन्हे दिसत नाहीत, किंवा ज्यांच्या साइटवर काम चालू असले तरी देयकांचे आकडे आणि प्रत्यक्ष उभी राहिलेली इमारत यांचा मेळ बसेनासा झाला आहे, अशा मालकांसाठी, विकासकांसाठी आणि त्यांना कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमची संस्था लहान आहे आणि ती स्वतः बांधकामाचे कंत्राट घेत नाही. अडचणीत आलेल्या प्रकल्पाची खरी स्थिती तपासणे, तो पूर्ण करण्याचा आराखडा तयार करणे आणि तो अमलात येईपर्यंत मालकाच्या बाजूने साइटवर लक्ष ठेवणे, एवढेच आमचे काम आहे.

बिघाड कोठे सुरू होतो

रखडलेल्या साइटवर पाऊल ठेवताच मजुरांची तुटपुंजी संख्या, अर्धवट सोडलेल्या भिंती आणि विस्कळीत पडलेले साहित्य नजरेत भरते, आणि त्यामुळे दोष कंत्राटदाराचाच आहे असा निष्कर्ष चटकन काढला जातो. कधी तो बरोबरही असतो. परंतु आमच्या मते बहुतेक प्रकल्प साइटवर बिघडण्याआधी टेबलावर बिघडलेले असतात. नकाशे अपुरे असताना काम सुरू केले जाते. मग एखादा तपशील मिळेपर्यंत एक टोळी थांबते, थांबलेली टोळी कंत्राटदार दुसऱ्या कामावर नेतो आणि नकाशा आल्यावर ती परत मिळत नाही. दरम्यान काही जादा बाबी तोंडी आदेशावर करून घेतल्या जातात. त्यांचे दर ठरलेले नसल्याने त्या देयकात येत नाहीत, कंत्राटदाराचे पैसे अडकतात, तो पोटकंत्राटदारांचे पैसे थकवतो, पोटकंत्राटदार माणसे काढून घेतात, आणि कामाचा वेग मंदावला म्हणून मालक पुढचे देयक रोखून धरतो. या साखळीत प्रत्येकाकडे दुसऱ्याला दोष देण्यास सबळ कारण असते, आणि म्हणूनच ती आपोआप तुटत नाही.

नकाशांआधी काम सुरू करण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे सर्वपरिचित उदाहरण सिडनी ऑपेरा हाउसचे आहे. तेथील काम १९५९ मध्ये सुरू झाले, तेव्हा छताची कवचे नेमकी कोणत्या भूमितीने आणि कशी उभारायची हेच निश्चित झालेले नव्हते. छताची रचना ठरल्यावर चौथऱ्यात आधीच बांधलेले काही खांब तो भार पेलण्यास अपुरे ठरले आणि ते नव्याने बांधावे लागले. सुरुवातीचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. १९७३ मध्ये वास्तू खुली झाली तोवर खर्च १०.२ कोटींवर गेला होता. आज त्या इमारतीचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण तो हिशेब प्रत्येक मालकाला परवडणारा नसतो.

आधी मोजमाप, मग उपाय

आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकांचा पहिला प्रश्न असतो की कंत्राटदार बदलावा का, किंवा मजूर दुप्पट करावेत का. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आम्ही पहिल्या भेटीत देत नाही, कारण किती काम झाले आहे, किती उरले आहे आणि उरलेल्या कामाला किती पैसे लागतील, हे तिन्ही आकडे त्या वेळी कोणाजवळही विश्वासार्ह स्वरूपात नसतात.

साप्ताहिक अहवालातील 'काम ८० टक्के पूर्ण' या वाक्यावर आमचा विश्वास नसतो. ही टक्केवारी खर्च झालेल्या पैशांवरून, उलटून गेलेल्या दिवसांवरून किंवा केवळ अंदाजाने काढलेली असू शकते. शिवाय सांगाडा आणि भिंती उभ्या राहिल्या की इमारत डोळ्यांना जवळजवळ पूर्ण दिसते, मात्र विद्युत, पाणीपुरवठा, अग्निसुरक्षा, वातानुकूलन आणि लिफ्ट या यंत्रणा बसवणे, त्या परस्परांशी जोडणे आणि त्यांच्या चाचण्या घेणे हा वेळखाऊ भाग पुढेच असतो. बर्लिनचा नवा विमानतळ जून २०१२ मध्ये सुरू होणार होता. अवघे चार आठवडेही उरले नव्हते तेव्हा उद्घाटन रद्द करावे लागले, कारण आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा स्वीकारण्याजोगी नव्हती. तो विमानतळ प्रत्यक्षात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. टर्मिनलची इमारत त्या आठ वर्षांत उभीच होती.

म्हणून आम्ही प्रत्येक बाब नव्याने मोजतो, आणि शक्य तेथे ही मोजणी मालक आणि कंत्राटदार या दोघांच्या प्रतिनिधींसमोर, दोघांच्या सह्यांनिशी करतो. एखाद्या बाबीचे काम पूर्ण झाले आहे, चालू आहे किंवा सुरूच झालेले नाही, एवढ्याच नोंदी आम्ही करतो. 'जवळपास झाले' असा रकाना आमच्या तक्त्यात नाही. या मोजणीवरून झालेल्या कामाचे मूल्य निघते आणि त्याची तुलना नियोजित कामाशी व प्रत्यक्ष खर्चाशी करता येते. उदाहरणार्थ, संपूर्ण काम १०० भागांचे आहे, आजवर ६० भाग व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ४५ भाग झाले आणि त्यासाठी ५४ भागांइतका खर्च झाला, असे मानू. याच गतीने खर्च होत राहिला, तर १०० भागांचे काम १२० भागांना पडेल. वेळेचा अंदाज मात्र केवळ या पद्धतीने काढू नये. सगळे काम कधीतरी संपतेच, त्यामुळे कितीही उशीर झालेला असला तरी शेवटी झालेले काम आणि नियोजित काम यांचे गुणोत्तर १ येते, आणि अखेरच्या टप्प्यात तो आकडा खोटा दिलासा देऊ लागतो. वेळेसाठी कामांचा क्रम पाहावा लागतो, म्हणजे कोणत्या कामाला एक दिवस उशीर झाल्यास संपूर्ण प्रकल्पाला एक दिवस उशीर होईल, ती साखळी शोधावी लागते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेली ही पद्धत आजही बदललेली नाही. साइटवरील तक्त्यांत ती कागदापुरती उरते, हीच अडचण आहे.

पैशांच्या बाजूने आणखी एक तपासणी आम्ही आवर्जून करतो. काही कंत्राटांत खोदकाम, पाया आणि सांगाडा या आरंभीच्या बाबींचे दर चढे आणि अंतिम सजावटीच्या बाबींचे दर पडते लावलेले असतात. अशा कंत्राटात काम निम्म्यावर आल्यावर उरलेली रक्कम उरलेल्या कामाला पुरतच नाही, आणि कंत्राटदाराला साइट चालू ठेवण्यात रस राहत नाही. हे आधी लक्षात आले नाही, तर त्याच्याशी होणारी प्रत्येक बैठक निष्फळ ठरते.

थांबलेली साइट स्वतःहून बिघडत असते

काम पूर्णपणे बंद असेल, तर आर्थिक हिशेबाच्याही आधी सुरक्षिततेची तपासणी होते. खोल खोदकामाच्या कडांना दिलेला आधार तात्पुरता असतो. तो ठरलेल्या काळापेक्षा अधिक काळ राहिला आणि खड्ड्यात पाणी साचले, तर कडा ढासळण्याचा आणि शेजारच्या बांधकामाला धोका पोहोचण्याचा संभव असतो. पुढील मजल्यासाठी उघड्या ठेवलेल्या सळ्या गंजतात. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो, मात्र पापुद्रे सुटत असतील तर सळीचा व्यास किंवा वजन मोजून तिची क्षमता किती उरली आहे हे ठरवावे लागते. गोदामात तीन महिन्यांहून अधिक काळ पडलेले सिमेंट चाचणीशिवाय वापरू नये. काँक्रीटच्या दर्जाविषयी शंका असल्यास रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आघात करून कठीणपणा मोजणारे उपकरण) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) चाचणीने संशयित भाग निश्चित करून तेथील कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोलाकार नमुने, काढून तपासावेत. केवळ हॅमरच्या आकड्यांवर सांगाडा पास किंवा नापास ठरवणे आम्हाला मान्य नाही.

करार आणि थकीत वाद

मोजणी हाती आल्यावर करार उघडावा लागतो, आणि येथे अनेक ग्राहकांना धक्का बसतो. उदाहरणार्थ, फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, आंतरराष्ट्रीय कामांत प्रचलित असलेल्या १९९९ च्या करारनमुन्यात मुदतवाढ किंवा जादा रक्कम हवी असल्यास कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत कंत्राटदाराने सूचना दिली नाही, तर त्याचा हक्क संपतो. २०१७ च्या आवृत्तीत अशीच मुदत मालकाच्या दाव्यांनाही लागू झाली. आपल्या करारातील मुदत वेगळी असू शकते, परंतु ती तपासण्यापूर्वी कोणतेही पत्र लिहू नये, आणि तपासल्यावर लिहिण्यास विलंब करू नये.

मुदतवाढीचा निर्णय काम संपेपर्यंत टांगता ठेवण्याची सवय आम्हाला विशेष हानिकारक वाटते. 'शेवटी एकत्र बघू' असे म्हणणाऱ्या मालकाला वाटते की दंडाचे हत्यार आपल्या हाती राहिले. प्रत्यक्षात कंत्राटदाराला पाळण्याजोगी तारीखच उरत नाही, आणि तो काम पुरे करण्याऐवजी दाव्याची फाईल जाड करण्यात शक्ती घालवतो. ब्रिटनमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने विलंबाविषयी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला मार्गदर्शक दस्तऐवजही मुदतवाढीचे अर्ज त्या त्या वेळीच निकाली काढावेत असे सांगतो. मुदतवाढ मिळाली म्हणजे भरपाईही मिळाली असे नव्हे, हेही त्यात स्पष्ट केले आहे. हा भेद समजला की दोन्ही बाजूंचा ताठरपणा बराच सैल होतो.

कंत्राट रद्द करणे हा मार्ग उपलब्ध असतो, पण तो आम्ही शेवटी ठेवतो. नवा कंत्राटदार जुन्या कामाची हमी घेण्यास नाखूश असतो, अज्ञात दोषांचा धोका गृहीत धरून दर वाढवतो, आणि त्याची यंत्रसामग्री व माणसे स्थिरावेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर साइटवरील साहित्य कोणाचे, आगाऊ रकमेची वसुली कशी, बँक गॅरंटीची मुदत कधी संपते, असे वाद सुरू झालेले असतात. तरीही कंत्राटदाराची आर्थिक कुवतच संपली असेल, किंवा त्याने सांगाड्याच्या दर्जात जाणीवपूर्वक फसवणूक केली असेल, तर आम्ही रद्द करण्याचाच सल्ला देतो, आणि गॅरंटीची मुदत संपण्याआधी देतो.

तडजोडीने प्रकल्प सावरल्याचे उत्तम उदाहरण हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाचे आहे. तेथे नियोजन पुरे होण्याआधी काम सुरू झाले. वास्तुविशारद आणि बांधकाम कंपनी यांच्याशी शहराचे वेगवेगळे करार असल्याने त्या दोघांतील प्रत्येक मतभेद शहराच्या अंगावर येत राहिला. २०११ च्या अखेरीस काम ठप्प झाले. २०१३ मध्ये नवा करार झाला, त्यात वास्तुविशारद आणि कंपनी यांना नियोजनाची जबाबदारी एकत्र घ्यावी लागली, किंमत ठोक ठरली आणि पूर्ण करण्याची तारीख बांधून दिली गेली. ११ जानेवारी २०१७ रोजी संगीतगृह खुले झाले. प्रारंभी करदात्यांवर सुमारे ७.७ कोटी युरोंचा भार पडेल असे सांगितले गेले होते, तो अखेर सुमारे ७९ कोटींवर पोहोचला. प्रकल्प सावरणे म्हणजे गेलेले पैसे परत मिळणे नव्हे, हे ग्राहकांनी आरंभीच जाणून घ्यावे.

काम पुन्हा सुरू झाल्यावर

नवा कार्यक्रम आम्ही शेवटाकडून मागे मांडतो: ताबा देण्याची तारीख, त्याआधीच्या परवानग्या, त्याआधीच्या चाचण्या, त्याआधी बसलेली यंत्रणा. सर्व मजल्यांवर थोडेथोडे काम करण्याऐवजी एक मजला किंवा एक भाग पूर्णत्वास नेऊन कुलूप लावून ताब्यात घ्यावा, असा आमचा आग्रह असतो. एकाच जागी प्लास्टर, विद्युत आणि फरशीच्या टोळ्या एकदम सोडल्यास एकमेकींच्या कामाची नासधूस होते. मजूर दुप्पट केल्याने काम दुप्पट होत नाही, त्याचे एक कारण हेच आहे. दुसरे असे की दीर्घकाळ जादा तास काम करवून घेतल्यास तासागणिक होणारे काम घटते आणि चुका वाढतात.

दर आठवड्याला काय होणार याचे आश्वासन अभियंता नव्हे, तर प्रत्यक्ष काम करवून घेणारा मुकादम देतो. त्याआधी नकाशा, साहित्य, जागा आणि आधीचे काम हे सर्व तयार आहे ना, हे पाहिले जाते. एकही गोष्ट अपुरी असल्यास ते काम त्या आठवड्याच्या यादीत येत नाही. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० च्या दशकात अनेक साइटची पाहणी केली, तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी सुमारे निम्मीच ठरल्याप्रमाणे पार पडत असल्याचे त्यांना आढळले. हे प्रमाण आम्ही दर आठवड्याला मोजतो आणि न झालेल्या प्रत्येक कामाचे कारण लिहून ठेवतो. कारणांची ती यादी चार-सहा आठवड्यांत आपोआप बोलू लागते, आणि पुष्कळदा ती मालकाच्या प्रलंबित निर्णयांकडे बोट दाखवते.

आपल्याकडून अपेक्षा

निर्णय घेण्याचा अधिकार असलेली एकच व्यक्ती आपल्या बाजूने नेमलेली असावी, आणि नकाशावरील शंकेचे उत्तर ठरलेल्या दिवसांत तिच्याकडून लेखी मिळावे. मोजलेल्या कामाचे विनावाद देयक वेळेवर द्यावे. वादग्रस्त बाबींसाठी बिनवादाची रक्कम अडवू नये. देयकांची आणि पत्रव्यवहाराची संपूर्ण फाईल आमच्यापुढे खुली असावी, ती नसेल तर आम्ही काम स्वीकारत नाही. आमचे मानधन वाचवलेल्या रकमेच्या टक्केवारीवर ठरत नाही, कारण तसे ठरल्यास कंत्राटदाराचे रास्त देणेही नाकारण्याचा मोह आम्हाला होईल.

पहिल्या भेटीस येताना मूळ करार व त्याची सर्व परिशिष्टे, मंजूर नकाशांच्या सर्व आवृत्त्या, आजवरची देयके व मोजमाप पुस्तके, बँक गॅरंटी व विमापत्रांच्या प्रती, साहित्य व काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल आणि बैठकींची इतिवृत्ते आणावीत. कागद अपुरे असले तरी भेट पुढे ढकलू नये. मात्र गॅरंटीची आणि विम्याची मुदत कधी संपते, हे निघण्यापूर्वी अवश्य पाहून घ्यावे.