मायना, बोरू आणि पाव आण्याचे कार्ड : मराठी पत्रलेखनाची पार्श्वभूमी

भारतीय टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळते आणि तेवढ्या पैशांत ते देशातल्या कोणत्याही गावी, पत्ता असेल त्या दारापर्यंत पोचवले जाते. हाताने लिहिलेल्या पत्राविषयी अलीकडे जे जिव्हाळ्याने बोलले जाते, त्यात गेलेल्या दिवसांची ओढ असते हे खरे. परंतु मराठी माणसाला पत्र लिहिताना आणि वाचताना जो आनंद होत आला आहे, त्याचे मूळ त्या ओढीपेक्षा पुष्कळ खोल आहे, असे मला वाटते. पत्राची सुरुवात कशी करावी, कोणाला काय म्हणावे, मजकूर कोठे आवरावा, याची एक घडण या भाषेत शतकानुशतके तयार होत गेली, आणि टपालाच्या स्वस्त दरांनी ती दरबार व पेढ्यांच्या बाहेर काढून घरोघरी नेली.

मराठी परंपरेतल्या पत्राची सर्वांत प्रसिद्ध आठवण कोऱ्या कागदाची आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेले चांगदेव मायन्यापाशीच अडले, अशी कथा सांगतात. ज्ञानेश्वर वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर त्यांचा अधिकार मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाचे काय करायचे? शेवटी त्यांनी काहीच न लिहिता कागद पाठवला आणि त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ आली. कथेची ऐतिहासिकता कितीही वादाची मानली, तरी ती इतक्या पिढ्या सांगितली गेली, याचे एक कारण असे की ऐकणाऱ्या प्रत्येकाला चांगदेवांची अडचण आपली वाटते. लिहिणाऱ्याला समोरच्याशी असलेले आपले नाते पहिल्याच ओळीत ठरवावे लागते, आणि ते ठरल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नाही.

पुढे मराठेशाहीत हा मायना अत्यंत काटेकोर झाला. बरोबरीच्या सरदाराला लिहिताना नावाआधी ‘राजश्री’ आणि नावापुढे ‘गोसावी यांसी’ असे लिहीत. ‘राजश्री’च्याही आधी ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य’ हे विशेषण येई, आणि मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत गेले पाहिजे, विशेष’ अशा ओळीनंतर खरा मजकूर सुरू होई. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ आणि ‘हे विनंती’ येत असे. ही पत्रे जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर, बोरूने, मोडी लिपीत लिहिली जात. ओली शाई टिपण्यासाठी वर बारीक वाळू टाकत, आणि ज्यांनी जुनी दप्तरे उलगडली आहेत त्यांना त्या वाळूचे कण अजूनही कागदाला चिकटलेले दिसतात. पत्र पोचले की मिळाल्याची तारीख ‘पैवस्त’ म्हणून कागदावर नोंदवली जाई. पत्रे नेणारे जासूद बहुधा जोडीने निघत, म्हणून कागदपत्रांत ‘जासूदजोडी’ हा शब्द वारंवार भेटतो.

त्या काळातले एक पत्र मराठी माणूस विसरलेला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची पहिली नक्की वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशेच्या, परिसरात एका सावकारी पत्रातून कळली. सावकाराने आपल्या धंद्याच्या सांकेतिक भाषेत मोती गळाल्याचे, मोहरा गमावल्याचे आणि खुर्दा किती गेला याची गणती नसल्याचे कळवले होते. एवढा मोठा आघात चार ओळींत, हिशेबाच्या शब्दांत मावला. आशय मोठा आणि जागा थोडी, ही पुढे पोस्टकार्डावर लिहिणाऱ्यांना परिचित झालेली कसरत मराठीत किती जुनी आहे, ते येथे दिसते. अशी हजारो पत्रे वाचून, उतरवून छापण्याचे काम इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हाती घेतले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. आपला इतिहास मुख्यतः पत्रांवर उभा आहे, ही जाणीव तेव्हापासून मराठी वाचकाला आहे.

या सगळ्यात सामान्य माणूस मात्र फारसा नव्हता. कंपनी सरकारच्या डाकेचाही त्याला उपयोग नव्हता, कारण १८३७ च्या कायद्यानंतरही हंशील अंतरावर ठरत असे आणि कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडत असे. सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट काढून पाहिले. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १८५४ पासून देशभर अंतर न पाहता, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर लागू झाला. रत्नागिरीचे पत्र पुण्याला जावो वा पेशावरला, पैसे तेवढेच. माझ्या मते टपालाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच आहे, कारण दूर गेलेल्या माणसाला दुरावण्याची वेगळी किंमत द्यावी लागणे तेव्हा थांबले.

पोस्टकार्ड त्यानंतर पंचवीस वर्षांनी आले. ऑस्ट्रियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक इमॅन्युएल हेरमान यांनी १८६९ च्या जानेवारीत व्हिएन्नातील एका वृत्तपत्रात असा मुद्दा मांडला की, पाकीट, घड्या आणि लांबलचक शिष्टाचार यांच्यावर होणारा खर्च वाचवायचा तर लहानशा मजकुरासाठी उघडे कार्ड पुरेसे आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातले पहिले पोस्टकार्ड विक्रीस काढले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा, पत्राच्या निम्मी. एका बाजूला फक्त पत्ता लिहायचा आणि मजकूर सारा मागच्या बाजूला. हेरमान यांना वाटले होते की कार्डामुळे शिष्टाचार गळून पडेल. मराठीत तसे झाले नाही. मायना गळला नाही, तो आखडला.

कार्ड येण्यापूर्वीच्या दोन-अडीच दशकांत मराठी घरांत एक नवी पत्रलेखिका उभी राहत होती. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ या सालांतली. त्यांतले तिसरे जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळाच्या ऐन झळीत लिहिलेले आहे आणि त्यात घरच्या खुशालीपेक्षा उपाशी गावांची, सावकारांच्या जुलमाची आणि सत्यशोधकांच्या मदतकार्याची हकीकत अधिक आहे. मायन्यात त्या पतीला ‘सत्यरूप’ म्हणतात. पत्नीने पतीला लिहायच्या पत्राचा साचा तोवर पुरता ठरलेला नसतानाच त्यांनी त्यात आपले विचार भरले, हे मला फार मोलाचे वाटते.

आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात तर टपाल घरातच होते. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि पुढे कलकत्त्याकडे. मिशनऱ्यांच्या एका मासिकात छापलेला मजकूर वाचून न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोसिया कार्पेंटर या अनोळखी बाईंनी १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या ओळखीतून मावशी-भाचीचे नाते जुळले, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई आगबोटीने अमेरिकेला गेल्या त्या याच मावशींच्या घरी. भारत १८७६ मध्येच आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला होता, म्हणून परदेशी टपालाचे दर बेताचे आणि ठरलेले होते. नाहीतर एका टपाल कारकुनाच्या घरातून असा पत्रव्यवहार चालणे अवघडच गेले असते. फिलाडेल्फियाहून त्यांनी गोपाळरावांना लिहिलेल्या पत्रांचा आधार काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंच्या चरित्रासाठी घेतला. लढ्याचे, थकव्याचे आणि मतभेदाचेही सूर आपल्याला त्या पत्रांमुळेच ऐकू येतात.

विसाव्या शतकात मराठी घरात आलेले एखादे कार्ड पाहिले, तर मायना कसा आखडला ते स्पष्ट दिसते. वर मध्यभागी ‘॥ श्री ॥’, उजवीकडे गाव आणि तारीख. वडिलांना ‘ती.’, म्हणजे तीर्थरूप, धाकट्याला ‘चि.’, सवाष्णीला ‘सौ.’, विधवेला ‘गं. भा.’. मोठ्यांना ‘कृ. सा. न. वि. वि.’, म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. दरबारी पत्रांतली सारी ओळ अशी पाच-सहा अक्षरांत बसली. मग ‘पत्रास कारण की’, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’. एवढे झाल्यावर जागा उरली तर ताजा कलम, म्हणजे ‘ता. क.’, आणि अनेकदा पत्रातली महत्त्वाची बाब नेमकी तेथेच असे. जागा संपली की अक्षर बारीक होत जाई, ओळी समासातून उभ्या चढत आणि पत्त्याच्या शेजारच्या पट्टीतही घुसत. ‘घरातील थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद’ ही ओळ मात्र कितीही दाटी झाली तरी सुटत नसे, कारण कार्ड एकाच्या नावाचे असले तरी वाचले जायचे ते साऱ्या घराने, मोठ्याने.

कार्ड हाती येताच, वाचण्यापूर्वीच, त्याचा आशय कळण्याच्या खुणाही ठरल्या होत्या. लग्न ठरल्याच्या किंवा मूल झाल्याच्या पत्राला कोपऱ्यांवर हळदकुंकू लावलेले असे. निधनाच्या वार्तेचे कार्ड कोपरा फाडून टाकत. त्यावर ‘श्री’ नसे, आणि ते वाचून घरात न ठेवता फाडून टाकण्याची रीत होती. उघड्या कार्डावर गुप्त असे काही राहत नाही, पोस्टमन वाचू शकतो, शेजारी वाचू शकतो, ही तक्रार सुरुवातीपासून होती. तरीही गावगाड्यात, जेथे सुखदुःख तसेही चारचौघांत वाटले जाई, तेथे हा उघडेपणा फारसा खुपला नसावा. जे झाकून सांगायचे त्यासाठी पाकीट होते, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये निळ्या आंतरदेशीय पत्राची सोय झाली.

पत्रव्यवहाराला खरी गर्दी आली ती मुंबईच्या गिरण्यांमुळे. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार खोलीवर राहायचा, कुटुंब गावी असायचे, आणि दोघांना जोडणारे दोन कागद असायचे : कार्ड आणि मनीऑर्डर. मनीऑर्डरची सोय १८८० मध्ये सुरू झाली. तिच्या फॉर्मला मजकुरासाठी एक लहानशी कुपनाची पट्टी असे. पैसे पोस्टमन मोजून देई आणि ती पट्टी घेणाऱ्याकडे राही. अनेक घरांत आठवडी बाजार, दुकानाची उधारी आणि मुलांच्या शाळेची फी त्या पट्टीवरच्या दोन ओळींप्रमाणे भागवली जाई. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्यासाठी मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसत. जॉन बेग यांनी आखलेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी ती इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. समोरच्या रस्त्यावरच्या या पत्रलेखकांनी कितीजणांची दुःखे, तगादे आणि माया आपल्या हस्ताक्षरात उतरवली असतील, त्याची नोंद कोठेही नाही. गावाकडे हेच काम शाळामास्तर आणि खुद्द पोस्टमन करीत. लिहिणारा दुसराच असे, पण शब्द सांगणाऱ्याचे असत, आणि मायना दोघांनाही पाठ असे.

पत्त्याचीही एक मराठी पद्धत होती : ‘मु. पो.’, मग ‘ता.’, मग ‘जि.’. पण एकाच नावाची गावे पुष्कळ, आणि लिपी प्रांतोप्रांती वेगळ्या. टपालाची वर्गवारी करणाऱ्याला शिरूर पुण्याचे की बीडचे, हा प्रश्न रोजचा होता. त्यावरचा तोडगा श्रीराम भिकाजी वेलणकर या केंद्रीय दळणवळण मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने काढला. ते संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. त्यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा आणि मध्य भारताचा विभाग. सैनिकांच्या टपालासाठी ९.

१९९० च्या दशकात पोस्टकार्डाने एक शेवटचा मोठा पूर पाहिला. दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ कार्यक्रमाच्या प्रश्नांना उत्तरे म्हणून देशभरातून १५ पैशांच्या कार्डांचे ढीग येऊ लागले, आणि खात्याने अखेर स्पर्धांसाठी वेगळे, जास्त किमतीचे कार्ड काढले. त्यानंतर दूरध्वनी घरोघरी आला, मग मोबाइल, आणि खुशालीचे पत्र थांबले. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. कार्ड मात्र चालू राहिले. एका कार्डामागे होणारा खर्च त्याच्या किमतीच्या कित्येक पट आहे आणि तो खाते सोसते. हा तोटा सोसण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते.

हौसेने लिहिणारेही आहेत. पोर्तुगालमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘पोस्टक्रॉसिंग’च्या माध्यमातून अनोळखी देशांतल्या माणसांना कार्डे पाठवणाऱ्यांत भारतीयही आहेत, आणि टपाल खाते ‘ढाई आखर’ ही हस्तलिखित पत्रांची स्पर्धा घेते. मराठी वाचकांसाठी मोठे धन मात्र छापील पत्रसंग्रहांत आहे. धारवाडला राहून लोकांपासून दूर असलेले जी. ए. कुलकर्णी यांचे विनोदी, वाचनवेडे आणि मित्रांसाठी हळवे रूप त्यांच्या निधनानंतर खंडांतून प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून वाचकांना कळले.

घराघरांतली साधी कार्डे मात्र कोणत्याही खंडात आलेली नाहीत. ती तारेला टोचलेल्या गठ्ठ्यांत, पत्र्याच्या ट्रंकांत आणि देवघराच्या खणांत आहेत. दौतीच्या शाईने लिहिलेली दमट हवेत फिकी पडत आहेत, आणि तारेच्या छिद्राभोवती गंज पसरतो आहे. गिरणगावातून कोकणात गेलेल्या एखाद्या घराच्या तीस-चाळीस वर्षांच्या कार्डांची सलग मालिका हाती लागली, तर तिच्यातून मजुरी, भाव, आजार, लग्ने आणि संप यांचा जो इतिहास उलगडेल, तो दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळण्यासारखा नाही. अशा गठ्ठ्यातली तार काढून कार्डे तारखेवार लावणे आणि त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे, एवढे काम कोणत्याही घराला करता येईल.