फेणे पडद्यावर येताना : विनोदी रहस्यमालिकेच्या रूपांतरामागची पार्श्वभूमी

भा. रा. भागवतांच्या (१९१०–२००१) कुमारकथांचा नायक फास्टर फेणे पडद्यावर ठळकपणे आला तो दोनदा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झालेल्या, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ. एका बाजूला पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाचा वीस पुस्तकांचा संच आणि त्याची पारायणं करणाऱ्या दोन-तीन पिढ्या, दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन प्रयत्न. याचं खापर नेहमी पैशांवर फुटतं. खरी अडचण लेखनातच आहे.

फेणे वाचताना हसू नेमकं कुठे येतं ते पाहावं. फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला काडीपैलवान बनेश फेणे, चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक्’. पण ही गंमत आपल्याला कुणीतरी सांगत असतं. हा सांगणारा मिश्कील आहे. संकट अगदी अंगावर आलेलं असताना तो जराही घाई करत नाही. पटकथेत प्रसंग उतरतो, चोर उतरतो, सायकलही उतरते. निवेदक तेवढा दाराबाहेर राहतो. तो गेला की हातात उरतो एक धाडसी मुलगा आणि बऱ्यापैकी साधा गुन्हा.

हा पेच मराठीला नवा नव्हता. चिं. वि. जोशींच्या कथांत रहस्य नाही, पण तिथे स्वतः चिमणरावच बोलतो, त्यामुळे सगळा विनोद त्याच्या भाबड्या सांगण्यात आहे. १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ केला तेव्हा चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर. त्यांचा तिरळा डोळा आणि गोंधळलेला चेहरा यांनी निवेदनाची जागा घेतली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने तीच पात्रं मालिकेत घेतली. पुण्यात सिंहगडावरचं प्रक्षेपण १९७३ पासून सुरू होतं, त्यामुळे वाड्यावाड्यांत ती मालिका पोचली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे शेजारी उभे राहिले की भित्रा चिमणराव आणि दांडगा गुंड्याभाऊ काय आहेत ते संवादाआधीच कळायचं. दोन देहांची विसंगती लेखकाची दोन पानं वाचवते. फेणेपाशी असा गुंड्याभाऊ नाही, तो बहुतेकदा एकटाच सुटतो.

रहस्य आणि विनोद एकत्र कसे नांदवायचे, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर मात्र बंगालीत मिळालं. अशोक जैनांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या ओळखीचा झालेला गुप्तहेर फेलूदा हा सत्यजित राय यांचाच मानसपुत्र, आणि त्याच्यावरच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाचे (१९७४) दिग्दर्शकही तेच. स्वतःच्याच कादंबरीत लपवलेले भामटे त्यांनी चित्रपटात लवकर उघडे केले. कारण सरळ आहे. गुन्हेगार कोण हे अखेरपर्यंत झाकायचं, तर प्रेक्षक प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने पाहतो, आणि संशय घेणारा माणूस मोकळेपणी हसत नाही. समोरचा माणूस ठग आहे हे पात्राला ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला आहे, म्हटल्यावर साध्या गप्पाही विनोदी होतात, आणि जीवही टांगणीला लागतो. विनोदाचा भार जटायू या लेखक-पात्रावर, म्हणजे ते करणाऱ्या संतोष दत्त या नटावर होता. १९८८ मध्ये ते गेले आणि राय यांनी पुढे फेलूदाचा चित्रपट केला नाही. मालिकेचं भवितव्य एका चेहऱ्यावर टांगलं की हा धोका असतोच.

२०१७ च्या फेणेने हे दोन्ही धडे घेतले. बाहेर राहिलेल्या निवेदकाला त्याने सरळ घरात घेतलं. चित्रपटात भा. रा. भागवत हे एक पात्र आहे, फेणेला पुण्यात आसरा देणारं, आणि ते करतात दिलीप प्रभावळकर. जुना चिमणराव इथे लेखकाच्या खुर्चीत बसतो, हा योग भागवतांनाही आवडला असता. दुसरं म्हणजे गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा फार काळ झाकून ठेवलेला नाही. ‘कोण’पेक्षा ‘कसा सापडणार’ यावर कथा चालते. त्यात व्यावहारिक शहाणपणही आहे. नावाजलेला नट छोट्या, निरुपद्रवी भूमिकेत दिसला की प्रेक्षक मध्यंतराआधीच गुन्हेगार ओळखतो. मग त्याला लपवायचंच कशाला?

किंमतही मोजावी लागली. क्षितिज पटवर्धनांनी कथा नवी लिहिली. शाळकरी बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्याच्या वयाचा झाला आणि गुन्हा परीक्षेतल्या घोटाळ्याचा, मृत्यूपर्यंत जाणारा. थरारपट म्हणून तो बेतशीर आहे. पुस्तकांतला निरागस खट्याळपणा त्यात पातळ झाला, कारण मित्राच्या मृत्यूनंतर पोराला फार वेळ ‘ट्टॉक्’ करता येत नाही.

मग वय वाढवायचंच कशाला, असं पुस्तकवाले रागाने विचारतात. कागदावरचा मुलगा वीस पुस्तकं तेवढाच राहतो. पडद्यावरच्याचा दोन भागांच्या मध्ये आवाज फुटतो. शिवाय बालकामगारविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपलीकडे चित्रीकरण नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी हवी आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदतठेवीत ठेवायचा. नियम योग्यच आहेत. पण नायक प्रत्येक दृश्यात असेल तर बारा तासांच्या शिफ्टमधले पाचच हाती लागतात, आणि वेळापत्रक दुपटीने लांबतं. त्यावर तोड म्हणजे कथा टोळीत वाटून टाकणं : अर्धी दृश्यं मित्रांची, मोठ्यांची, चोरांची.

काळ कोणता धरायचा, हेही आधी ठरवावं लागतं. जुनं पुणं उभं करायचं तर पेठांतल्या प्रत्येक चौकटीतून फ्लेक्स, एसीची खोकी, केबलच्या तारा आणि मेट्रोचे खांब काढायला हवेत. आजचं पुणं घेतलं तर मोबाईल आडवा येतो : निम्मी संकटं एका फोनने मिटतात. ‘बॅटरी संपली’ ही पळवाट प्रेक्षकांना पाठ झाली आहे. त्यापेक्षा फोन लागतो, पण पलीकडचा मोठा माणूस पोराचं ऐकूनच घेत नाही, हे जास्त खरं आणि जास्त विनोदी.

सायकलचा पाठलाग कागदावर फार वेगवान असतो. प्रत्यक्षात गर्दीच्या गल्लीत ताशी पंधरा किलोमीटर म्हणजे पडद्यावर फेरफटका. वेग भासवायचा तर कॅमेरा हँडलच्या उंचीवर, खाली, आणि भिंतीच्या जवळून न्यावा लागतो. भिंत जितकी जवळ तितकी ती झपकन मागे पळते. सेकंदाला २४ ऐवजी २२ चौकटींनी (फ्रेमनी) चित्रण केलं तर हालचाल साधारण नऊ टक्के वेगवान दिसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. १८ चौकटींवर गेलं की वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो आणि पॅडलवरचे पाय मूकपटातल्यासारखे नाचू लागतात. तिथे प्रेक्षक हसतो, पण चुकीच्या ठिकाणी.

विनोद आणि धागेदोरे यांचं भांडण सर्वांत जास्त संकलनात दिसतं. पुस्तकात धागा थट्टेच्या वाक्यात बेमालूम दडवता येतो. वाचकाला पान उलटून मागे जायची मुभा असते. चित्रपटगृहात मोठा हशा पिकला की पुढचा संवाद बुडतो, आणि धागा नेमका त्या संवादात असेल तर शेवटची उकल आकाशातून पडल्यासारखी वाटते. म्हणून धागा विनोदाच्या आधी ठेवायचा. बोलून दाखवण्याऐवजी तो दृश्यात ठेवला, पात्र त्याच वस्तूवर अडखळून पडलं, तर हसता हसता ती वस्तू डोळ्यांत राहते. नुसता त्या वस्तूचा रेंगाळणारा जवळचा शॉट घेतला, तर तो धागा उरत नाही, पाटी होते.

या सगळ्याच्या आधी असतात हक्क. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे, किंवा त्यांनी ज्यांना दिले त्यांच्याकडे राहतात. म्हणजे भागवतांच्या हयातीत छापलेल्या कथा २०६१ च्या अखेरपर्यंत विचारूनच घ्याव्या लागतील. करार लेखी आणि सहीनिशी हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि दुसरं काही ठरलेलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जातो. रखडलेले कित्येक प्रकल्प इथेच आटपतात. चित्रकाराचे हक्क निराळे असतात. वाचकाच्या मनातलं पात्राचं रूप बऱ्याचदा चित्रांतून आलेलं असतं, पण निर्माते कथेचा करार करून थांबतात. नुसत्या नावावर प्रताधिकार नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे, तरी निर्मात्यांच्या संघटनांकडे शीर्षक नोंदवावंच लागतं.

चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथा १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुल्या आहेत आणि चिमणरावाची नवी मालिका करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. मोकळ्या झाल्या आहेत त्या छापील कथा. दूरदर्शनच्या मालिकेसाठी नव्याने रचलेले प्रसंग आणि संवाद यांचे हक्क वेगळे आहेत, आणि लोकांना चिमणराव म्हणून आठवतात ते बहुधा तेच.