स्केल उतरवणं वेगळं, नेटिव्हच्या वर चढणं वेगळं

स्क्रीनवर जास्त मावावं म्हणून लोक लॅपटॉपचं रेझोल्यूशन पॅनेलच्या नेटिव्ह रेझोल्यूशनच्या, म्हणजे पडद्यात प्रत्यक्ष असलेल्या पिक्सेलांच्या, वर न्यायच्या मागे लागतात. बहुतेकांचं काम स्केल, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती टक्के मोठी दिसावीत ते प्रमाण, कमी करून भागणारं असतं. दोन्हींनी अक्षरं बारीक होतात, म्हणून दोन्ही एकच, असा समज होऊन बसला आहे.

स्केल सगळ्यांच्या ओळखीचं आहे: विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉप सहसा १२५ टक्क्यांवर लावलेला येतो, १४ इंची बऱ्याचदा १५० वर. १५० टक्क्यांवर १९२०×१०८० च्या पॅनेलवर जागा मिळते फक्त १२८०×७२० इतकी. १०० करा, सगळी जागा परत मिळते. अक्षरही धूसर होत नाही, कारण ते लहान मापात नव्यानं आखलं जातं.

नेटिव्हच्या वर गेलं की अक्षर नव्यानं आखलं जात नाही, आखलेलं चित्र आवळलं जातं. गोंधळ होतो तो इथेच.

पॅनेलवरचे पिक्सेल कारखान्यातच ठरलेले असतात. १३६६×७६८ म्हणजे सुमारे साडेदहा लाख. तुम्ही १९२०×१०८० निवडलंत की ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) सुमारे पावणेएकवीस लाख पिक्सेलांचं चित्र बनवतो आणि ते त्याच साडेदहा लाखांत बसवतो. सेटिंग्जमध्ये दिसणारा आकडा चित्राचा असतो, पॅनेलचा नव्हे. ‘माझी स्क्रीन आता फुल एचडी झाली’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे आणि ते ऐकून दुसरे तसं करायला जातात, याचं वाईट वाटतं.

उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना चित्राचे सुमारे १.४ पिक्सेल पॅनेलच्या एका पिक्सेलवर येतात. म्हणजे एक पिक्सेल जाडीची शिरोरेषा ०.७ पिक्सेलची होते. अर्धवट पिक्सेल पेटत नाही, त्यामुळे ती एका ओळीत काळपट राहते किंवा दोन ओळींत विभागून फिकी पडते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक शिरोरेषेच्या तुटण्यावर असतो, तो आधी पुसट होतो. मग ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखे दिसू लागतात. क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर अक्षरांच्या कडांना लाल-निळी झाकही येते, कारण तिनं प्रत्येक पिक्सेलमधले लाल-हिरवा-निळा उपपिक्सेल मोजून केलेली आखणी आवळताना बिघडते.

खात्री करायची तर पेंटमध्ये १०० टक्के झूमवर एक पिक्सेल जाडीच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा एकाआड एक ओढा. नेटिव्हवर त्या सुट्या दिसतात. वरच्या रेझोल्यूशनवर करडे पट्टे उमटतात.

या युक्तीची खरी जागा गेममध्ये आहे. नेटिव्हच्या वर चित्र बनवून आवळणाऱ्या ड्रायव्हरमधल्या सोयी, एनव्हिडियाचं डीएसआर आणि एएमडीचं व्हीएसआर, दोन्ही २०१४ मध्ये आली, ती कडांचे दातरे घालवण्यासाठी. डीएसआरमधला ४.०० हा गुणक एकूण पिक्सेलांचा असतो, म्हणजे बाजू दुप्पट: १९२०×१०८० चं ३८४०×२१६०. चार पिक्सेलांचा नेमका एक होतो, म्हणून वापरायचा तर हाच. २.०० मध्ये हिशेब अपूर्णांकात जातो. ग्राफिक्स चिपला मात्र चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, लॅपटॉप तापतो. ज्या लॅपटॉपांत पॅनेल इंटेलच्या चिपला जोडलेलं असतं, तिथे डीएसआरचा पर्याय दिसतच नाही. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून तो येणार नाही.

मॅकबुकचा दाखला लोक हमखास देतात. २८८०×१८०० च्या १५ इंची रेटिना स्क्रीनवर ‘१६८०×१०५०’ निवडलं की मॅकओएस ३३६०×२१०० चं चित्र बनवून आवळतं, हे खरं. पण तिथे इंचाला सुमारे २२० पिक्सेल आहेत, झालेली तूट डोळ्याला जाणवत नाही. १५.६ इंची १३६६×७६८ वर इंचाला जेमतेम १०० आहेत.

कस्टम रेझोल्यूशन टाकून पॅनेलवर जबरदस्ती करणं तर नकोच. स्क्रीन काळी झाली तर काही न दाबता थांबा, विंडोज १५ सेकंदांत जुन्या सेटिंगवर येतं.

१३६६×७६८ वाल्यांचं स्केल आधीच १०० वर असेल तर ब्राउझरचा झूम ८० टक्के करा: कंट्रोल आणि वजा. अक्षर तिथेही नव्यानं आखलं जातं. रोजचं कामच असेल तर बाहेरचा फुल एचडी मॉनिटर घ्या. पॅनेल बदलायचं असेल तर आधी केबल तपासा. जुन्या ४० पिनांच्या एलव्हीडीएसमध्ये (पॅनेलला चित्र पोहोचवणारी जुनी जोडणी) १३६६×७६८ ला एक चॅनल पुरतो, फुल एचडीला दोन लागतात. तिच्यानंतरच्या ३० पिनांच्या ईडीपी जोडणीमध्येही केबलला दोन लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या हव्यात. एकच असेल तर पॅनेलबरोबर केबलही बदलावी लागेल.