युनिक्ससदृश प्रणालींवरील ध्वनिवादनाची चाचणी

लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या युनिक्ससदृश प्रणालींवर साउंड कार्ड खरोखर आवाज वाजवते का, आणि वाजवत नसल्यास दोष कोठे आहे, हे पायरीपायरीने तपासण्याच्या पद्धतीला ध्वनिवादनाची चाचणी म्हणतात.

या प्रणालींत उपकरणेही फाइलसारखी उघडता येत असल्यामुळे, ओपन साउंड सिस्टिम या जुन्या ध्वनिव्यवस्थेत ‘कॅट’ या फाइलमधील मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवणाऱ्या आज्ञेने कोणतीही फाइल ‘/डेव्ह/डीएसपी’ या उपकरण-फाइलकडे पाठवणे एवढीच चाचणी पुरेशी असे. हे उपकरण मुळात सेकंदाला 8,000 नमुने (ध्वनिलहरीची अंकांतील मोजमापे), 8 बिट आणि एकच वाहिनी असे गृहीत धरत असल्याने, 44,100 नमुन्यांचे 16 बिट स्टिरिओ संगीत त्यातून निव्वळ खरखर होऊन बाहेर पडते. पण ही खरखर म्हणजे चाचणी यशस्वी झाल्याचीच खूण होय, कारण ड्रायव्हरपासून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) स्पीकरपर्यंतचा मार्ग मोकळा असल्याचे तिने सिद्ध होते. फ्रीबीएसडीमध्ये हा मार्ग आजही उपलब्ध असून, ओळखली गेलेली कार्डे ‘/डेव्ह/एसएनडीस्टॅट’ (sndstat) मध्ये वाचता येतात.

लिनक्समध्ये 2003 साली आलेल्या 2.6 आवृत्तीपासून अल्सा ही मुख्य ध्वनिव्यवस्था झाली. तिच्यात ‘एप्ले’ ही आज्ञा कार्डांची यादी देते व वेव्ह फाइल वाजवते, तर ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा पिंक नॉइज (सरसर असा आवाज) किंवा 440 हर्ट्झचा सूर एकेका वाहिनीतून पाठवते. डावा-उजवा स्पीकर उलट जोडला गेला असल्यास तेही त्यातून कळते.

आवाज आला नाही, तरी फाइल संपायला किती वेळ लागला हे आधी पाहावे. थेट हार्डवेअरकडे पाठवलेली दहा सेकंदांची फाइल दहा सेकंदांतच निमूटपणे संपली, तर कार्ड नमुने योग्य गतीने घेत आहे आणि दोष बहुधा त्यापुढे, म्हणजे मिक्सरमधील म्यूट, चुकीचा जॅक किंवा एचडीएमआय हेच मुख्य कार्ड ठरणे यांत आहे. वादन मध्येच अडकले, तर मात्र ड्रायव्हर वा इंटरप्टकडे (कार्ड प्रोसेसरला पाठवते त्या संकेताकडे) संशय वळवावा. उपकरण उघडतच नसेल, तर वापरकर्त्याला त्याची परवानगी आहे का आणि दुसऱ्या प्रोग्रामने ते व्यापले आहे का, हे पाहावे.

पल्सऑडिओ आणि पाइपवायर या ध्वनिसर्व्हरांमुळे, म्हणजे प्रोग्राम व कार्ड यांच्यामध्ये राहून आवाज पुढे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, निदान काहीसे गुंतागुंतीचे झाले आहे. ‘एप्ले’चे नेहमीचे वादनही अनेकदा सर्व्हरमार्गेच जाते, म्हणून कार्ड व उपकरण क्रमांक देऊन हार्डवेअर थेट निवडावे लागते, आणि सर्व्हरने ते आधीच व्यापले असेल, तर उपकरण व्यस्त असल्याचा संदेश येतो.